घरात सगळ्यात गार कोण?

आमच्या ह्यांना चार माणसांत बसायचं वळण नाही, हे मी लग्न झाल्यापासून सांगत आले. पण यंदाच्या हिवाळ्यात त्यांनी हद्दच केली. दिवेलागणीला तंदूर पेटला, घरदार भोवती गोळा झालं, सुनेनं चहाचे कप हातात दिले, की हे उठलेच.

"जरा दुकानात बघून येतो."

दुकानात काय बघायचं? सोनं तिजोरीत, भट्टी निवत आलेली, शटर ओढलेलं. जायचे, थोड्या वेळानं घोंगडी गळ्यापर्यंत गुंडाळून जिना चढून यायचे, आणि माझ्याशेजारी पोस्टातल्या पार्सलासारखे बसायचे. काही विचारलं तर "हं." आणखी काही विचारलं तर "हं हं." मला वाटायचं, बिडी. डॉक्टरनं बंद केलेली बिडी म्हातारा खाली जाऊन चोरून ओढतोय. वास घ्यायला जवळ गेले तर तोंड फिरवलं. या वयात बायको आपण होऊन जवळ आली तर तोंड फिरवणारा नवरा, त्याला काय म्हणावं तुम्हीच सांगा.

आम्ही देवकर, मूळचे विट्याकडचे. गलाईचा धंदा. लोकांचं जुनं सोनं-चांदी वितळवायचं, भेसळ काढायची, शुद्ध करून द्यायचं. आमच्या भागातली माणसं या धंद्यापायी सगळ्या देशात पांगली. जिथं सराफ, तिथं आमचं एखादं दुकान. ह्यांच्या वाट्याला पार वर हिमाचलातलं कुल्लू आलं. मी नवी नवरी आले तेव्हा इथलं बोलणं कळेना, थंडीनं ओठ उलायचे, आणि पहिलं बर्फ पडलं तेव्हा मला वाटलं वरच्या माळ्यावरचं कुणी पिठाचं पोतं झटकतंय. आता सराफ बाजारात कुणाच्या घरी भांडण झालं तर आधी मला बोलावणं येतं. "मराठन चाची को बुलाओ." विट्याला माझी एवढी किंमत नाही. तिथं थोरल्या जाऊबाई आहेत, अक्का. त्यांच्या स्वयंपाकघरात डाव कुठल्या खिळ्याला अडकवायचा तेही त्याच ठरवतात.

तर फिरकीची गोष्ट.

गेल्या काही वर्षांत इथले डोंगर सुटायला लागले. पावसाळ्यात दरडी, नदीला पूर, विजेची धरणं गाळानं भरलेली. हिवाळ्यात वीज येते ती पाहुण्यासारखी, चहा पिऊन लगेच जाते. जंगल तोडायला बंदी, लाकूड कार्डावर. आणि इथल्या घरात ऊब म्हणजे तंदूर. भाकरीचा नव्हे, खोलीच्या मधोमध पत्र्याची बंद चूल, तिचा धूर नळकांड्यानं छताबाहेर. लाकूड थोडं मिळायला लागलं तसं माणसं तंदुराला चिकटून बसायला लागली. पुढून भाजायची, मागून गोठायची.

धैर्यशील, म्हणजे आमचा मुलगा, दिवाळीच्या आधी एक पंखा घेऊन आला. वीतभर उंच, काळा, पाठीवर फणीसारखे पत्रे, पुढं पाती. ना वायर, ना सेल.

ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, "गलाईवाल्याच्या घरात पंखा?"

त्यांचंही खरं होतं. आमच्या धंद्यात पंखा म्हणजे चोर. तराजू हलवतो, सोन्याची कणी उडवतो. ऐन उन्हाळ्यात घामानं निथळतील, पण गलाईवाले पंख्याखाली बसायचे नाहीत. ह्यांनी तर विट्याला भावाच्या लग्नातसुद्धा मांडवातला पंखा बंद करायला लावला होता.

"आप्पा, हा वरच्या घरात राहील, दुकानात नाही," धैर्या म्हणाला. मग त्यानं तो तंदुराच्या पाठीवर ठेवला. आम्ही बघत बसलो. तंदूर तापला तशी पाती हलली, मग फिरली, मग दिसेनाशी झाली.

"ह्याला वीज कोण देतं?" मी विचारलं.

"तंदूरच. बघ आई, ह्याच्या पोटात दोन जातींच्या धातूंचे बारीक तुकडे एकाआड एक बसवलेत. खालचं टोक तंदुरावर तापतं. वरचं टोक ह्या पत्र्यांमुळं गार राहतं. तापलेल्या टोकाकडून गार टोकाकडं जाताना थोडी उष्णता विजेचं रूप घेते. त्या विजेवर पाती फिरतात."

"आणि वरचं टोकही तापलं तर?"

"तर बंद. नुसत्या उष्णतेवर चालत नाही हा, दोन टोकांतल्या फरकावर चालतो."

हे मला लगेच पटलं. सासू आणि सून दोघी एकदम तापल्या की घर चालत नाही, तसंच हे. वृषाली, आमची सून, पदराआड हसली. मी ते बघून ठेवलं.

असले पंखे पूर्वीही मिळायचे, पण त्यांच्यात जेमतेम पाती फिरवण्याएवढा जीव असायचा. आता नवा धातू निघालाय, तेवढ्याच विस्तवातून कितीतरी जास्त वीज काढणारा. त्यामुळं हा मान वळवू शकतो, आणि त्याला एक डोळा आहे. धैर्यानं सांगितलं, माणसाच्या अंगातून सारखी ऊब बाहेर पडत असते. आपल्याला ती दिसत नाही, ह्या डोळ्याला दिसते. खोलीत कुणाचं अंग सगळ्यात गार, ते तो हुडकतो, आणि मान वळवून तंदुराची ऊब तिकडं ढकलतो. एरवी ती ऊब सरळ छताला जाऊन बसते; खाली माणसं कुडकुडतात आणि वर कोळी मजा मारतात. आता कमी लाकडात खोलीभर ऊब फिरायला लागली. मी त्याचं नाव फिरकी ठेवलं.

पहिल्याच संध्याकाळी शेजारची देवकी चाची चहाला आली होती. पाहुणी म्हणून तिला तंदुराजवळ बसवलेली. तिच्याशेजारी मी, मग हे, मग धैर्या. फिरकीनं मान फिरवली. चाचीवरून गेली, माझ्यावरून गेली, बापलेकांवरून गेली, आणि दारापाशी बसलेल्या वृषालीवर जाऊन थांबली.

सगळे बघायला लागले. चाची म्हणाली, "अरी, बहू तो बरफ है!"

"काय गं," मी म्हटलं, "थंडी वाजते तर सांगायला तोंड नाही?"

"नाही आत्या. सवय आहे."

दारापाशी सुनेची जागा. उठायला, चहा करायला, दार उघडायला बरी पडते म्हणून. विट्याला मीही तिथंच बसायचे, तिथल्या फटीतला वारा मला पाठ आहे. मी कधी मुद्दाम बसवलं नव्हतं तिला, पण ऊठ असंही म्हटलं नव्हतं. माझ्या उजव्या हाताला तंदुराजवळ आमचं मांजर बसायचं. त्याला उठवलं. "ये इकडं," म्हटलं. मांजर आठवडाभर माझ्याशी बोललं नाही.

बाजारात घरोघर फिरक्या आल्या आणि घरोघर असलं काहीतरी उघडं पडायला लागलं. कुणाची सासू न्हाणीघरालगत झोपत होती ते कळलं. कुणाच्या थोरल्या सुनेच्या अंगात रक्तच नाही ते कळलं. एका घरी मुलगी बघायला आले, तर फिरकी नवऱ्यामुलावरून हलेचना. मुलीच्या आजीनं तिथल्या तिथं विचारलं, "लड़का बीमार है क्या?" लग्न मोडलं. तेव्हापासून पाहुणे यायचे म्हटलं की लोक फिरकीवर फडकं टाकतात. आमच्याकडं मी टाकू देत नव्हते. आमच्या घरात लपवण्यासारखं काही नाही, असं मी चारचौघांत सांगायचे.

आमच्या घरात सगळ्यांना खरी काळजी ह्यांचीच होती. साखरेचा आजार, पायांकडं रक्त नीट पोचत नाही. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरनं सांगितलं होतं, हे अंग पुन्हा असं गार पडलं तर खाली गरम मुलखात न्या, नाहीतर पाय गमवावे लागतील. म्हणून फिरकी आली तेव्हा आम्ही सगळे तिच्या मानेकडं बघत होतो. सुरुवातीला ती ह्यांच्याकडं बऱ्याचदा वळायची. मग वळायची बंद झाली. धैर्या खूश. "आप्पांना मानवली फिरकी," म्हणायचा.

आणि पौष लागला तशी ती माझ्याकडं वळली. नुसती वळली नाही, मुक्काम केला. मी इकडं बसले तर इकडं, तिकडं बसले तर तिकडं. स्वयंपाकघरातून आले की मान वळलीच, वाट बघत बसल्यासारखी.

"हिचा डोळा बिघडलाय," मी म्हटलं. "मला आयुष्यात कधी थंडी वाजली नाही."

धैर्यानं डोळा पुसला. राख झाडली. जागा बदलली. तिचं तोंड माझ्याकडंच.

"आई," तो एके दिवशी जेवताना म्हणाला, "तू यंदा विट्याला जा. सर्वांत जास्त थंडी पुढंच आहे. संक्रांत झाली की चंदीगडहून विमानात बसवतो, पुण्यात अक्काकाकूंचा दादा न्यायला येईल."

"मी? आणि हे?"

"आप्पा बरे आहेत की. फिरकी त्यांच्याकडं बघतसुद्धा नाही. दुकानात त्यांची नजर पाहिजे, आणि वृषाली आहे त्यांचं बघायला."

"ह्यांची भाकरी कुठल्या बाजूनं जास्त भाजायची ते वृषालीला ठाऊक आहे का?"

"आत्या, शिकीन मी," वृषाली म्हणाली. बिचारी चांगल्या मनानं म्हणाली, पण मला ते लागलं.

मी ह्यांच्याकडं बघितलं. लग्नाची बायको एकटी अक्काच्या दारात पाठवायला निघालेत, आता तरी हा माणूस तोंड उघडेल. ह्यांनी पाण्याचा घोट घेतला. म्हणाले, "बघू."

बघू! गाय विकायची असती तर ह्यापेक्षा दोन शब्द जास्त बोलले असते.

त्या दिवसापासून त्यांचं आणखी एक सुरू झालं. स्वतःचे जाड लोकरीचे मोजे काढून माझ्या पायांपुढं ठेवायचे. मी म्हटलं, "मोजे नकोत मला. शब्द काढा तोंडातून." तर ह्यांनी खाली वाकून, गुडघे धरत, ते माझ्या पायांत चढवले. माणूस असा. राग धरावा म्हटलं तर धरू देत नाही. मोजे मी ठेवून घेतले, आणि दिवेलागणीला हे पुन्हा जिना उतरून गेले.

संक्रांतीच्या दिवशी दुपारी बाहेर भुरभुर बर्फ पडत होतं. धैर्या दुकानात. वृषाली चाचीकडं तिळगूळ द्यायला गेलेली. मी जमिनीवर बसून बॅग भरत होते आणि प्रत्येक लुगड्याबरोबर एकेकाला बोलत होते. हे जेवून तंदुराच्या पलीकडं घोंगडी पांघरून बसले होते, बसल्या बसल्या त्यांना डोळा लागला. सकाळीसुद्धा दुकानात चक्कर झाली होती त्यांची. फिरकी नेहमीप्रमाणे माझ्याकडं तोंड करून फिरत होती.

मग माझ्या अंगावरचा फिरकीचा वारा थांबला.

मी मान वर केली. फिरकी वळत होती. हळूहळू, अडखळत, अंधारात भिंत चाचपत चालल्यासारखी. मला वाटलं कुणी आलं. दाराकडं बघितलं, दार बंद. फिरकी माझ्यावरून सरकली, रिकाम्या पाटावरून सरकली, आणि ह्यांच्यापाशी थांबली. आणि थांबली ती असा जोर धरून की घोंगडीच्या दशा हलायला लागल्या. इतका जोर तिनं माझ्यासाठी कधीच धरला नव्हता.

मी उठले. घोंगडी बाजूला केली.

पोटावर, सदऱ्याच्या आत, गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळलेली मूस. मूस म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, काळं, जाड, पेल्याएवढं. भट्टीतून काढलं तरी कितीतरी वेळ ऊब धरून ठेवतं. इथल्या थंडीत आमच्या भट्टीवरची माणसं जुनी मूस निवत्या राखेत ठेवायची आणि रात्री गुंडाळून अंथरुणात घ्यायची. ही आता पार निवली होती. तिच्याखाली ह्यांच्या पोटावर जाळीसारखे तांबूस-काळे डाग पडलेले. किती दिवसांचे, देव जाणे. आणि पाय! हात लावला तर नदीतला दगड.

त्यांना जाग आली. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग फिरकीकडं, मग माझ्या हातातल्या मुशीकडं.

"हे काय?"

"मूस."

"ते दिसतंय मला. जन्म गेला माझा मुशी घासण्यात. पोटावर कशापायी?"

"ऊब."

"रोज दिवेलागणीला खाली जाता ते ह्यासाठी?"

"हं."

"आणि मी तुमच्या तोंडाला बिडीचा वास येतो का बघत होते!"

"म्हणूनच तोंड फिरवत होतो," हे म्हणाले. "जवळ आलीस तर मूस लागली असती हाताला."

मी त्यांच्याशेजारी बसले. डोक्यात एकेक गोष्ट जागेवर पडायला लागली. पोटावर निखाऱ्यासारखी मूस, वर घोंगडी. फिरकीला वाटायचं हा गडी तरणाताठा. ह्यांना सोडून मग ती घरात दुसरं गार अंग शोधायची.

"फिरकीला फसवलंत ते फसवलंत. मला का फसवलंत?"

ह्यांनी सदरा ओढून पोट झाकलं. 

"डॉक्टर म्हणाला होता, अंग गार पडलं तर खाली न्या," ते म्हणाले. "मला नेलं तर तू येणारच. आणि विट्याला गेलीस की तू गप होतीस, मालन. मागं महिनाभर गेलो होतो तेव्हा बघितलं मी. अक्कावहिनी म्हणेल ते 'हो'. जेवताना आवाज नाही, झोपताना आवाज नाही. परत येताना इथं कुल्लूजवळ भुंतरच्या पुलावर त्या टॅक्सीवाल्याशी भांडलीस, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला."

लग्नापासून आजपर्यंत हा माणूस माझ्याशी एका दमात एवढं बोलला नव्हता.

"मग धैर्या मलाच पाठवायला निघाला तेव्हा का तोंड शिवलंत?"

"बोललो असतो तर दोघं जाणार. नाही बोललो तर तू एकटी. काय करावं कळंना. म्हणून मोजे दिले तुला. म्हटलं, तू जरा तापलीस की ती धैर्याकडं वळेल."

"पोटच्या पोराच्या गळ्यात घालायला निघाला होतात थंडी!"

"तो जवान आहे. त्याला विट्याला कोण पाठवतंय?"

मला हसू आलं. राग होताच, पण हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आलं की मला खोकला येतो. हे माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागले. तो हातही गारच.

"पण एक सांग," ते म्हणाले, "मला सोडून ती तुझ्याकडंच का आली? धैर्याकडं नाही, वृषालीकडं नाही. किती वर्षं म्हणतेस, मला थंडी वाजत नाही म्हणून?"

"माझं मी बघीन."

"हं."

मी माझ्या पायांतले मोजे काढले आणि त्यांच्या पायांत चढवले. पाय मांडीवर घेतले, वर माझी शाल आणि त्यांची घोंगडी दोन्ही ओढली, आणि चोळायला लागले. पहिल्यांदा त्यांना काहीच कळत नव्हतं. मग म्हणाले, "मुंग्या येतात." म्हटलं, येऊ द्या. फिरकीला आता कुणाचं अंग कुठं संपतं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू होतं तेच कळेना. ती इकडं थोडी, तिकडं थोडी मान हलवत राहिली.

खाली दुकानाचं शटर वाजलं. धैर्या वर येत होता. ह्यांनी घाईनं मूस घोंगडीखाली ओढली. मी ती काढून घेतली आणि सगळ्यांना दिसेल अशी समोर ठेवली.

"आता ऐका," मी म्हटलं. "विट्याला दोघांनी जायचं, ह्याच आठवड्यात. तिथल्या उन्हात ओट्यावर बसायचं, पायांना तेल लावून घ्यायचं, आणि चैत्र लागला की परत. मी तिथं गप बसेन ह्या भरवशावर राहू नका. तेव्हा मी कुणाच्या तरी भीतीनं गप होते, आता तुमचे हे पाय बघितल्यावर मला अक्काची काय भीती? तिच्या डावाचा खिळासुद्धा मी बदलीन. तुमच्यासारखा मुका, हट्टी आणि खोटं बोलायला इतका कच्चा माणूस मी दुसरा बघितला नाही, आणि दुसरा मला नकोही आहे. पण यापुढं थंडी वाजली की मला सांगायचं. फिरकीला कळायच्या आधी मला कळलं पाहिजे."